हसणाऱ्यांना न दिलेलं उत्तर

मागे एका पाडव्याला इस्लामपूरला धाकट्या भावाकडे गेलो होतो. पेठ नाक्यावर उतरलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. गळीत हंगाम संपत आल्यामुळे कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्या तुरळक झाल्या होत्या. घरी गुढी उभारलेली, दाराला आंब्याचं तोरण, आत श्रीखंड-पुरीचा बेत. पण भावाची नात, एरवी मी आलो की उंबऱ्यातच गाठणारी, त्या दिवशी गप्प गप्प होती. ती तेव्हा नववीत होती.

जेवणं झाल्यावर भावजयीनं कारण सांगितलं. जानेवारीत एक विज्ञान प्रदर्शन झालं होतं. पोरीनं कृष्णविवराचा मोठा तक्ता केला होता. त्यात तिनं बाण काढून दाखवलं होतं, की कृष्णविवराकडे वायू ओढला जातो आणि त्यातला काही वायू वाऱ्यासारखा उलट बाहेरही फेकला जातो. तक्ता पाहायला आलेल्या परीक्षकांना हसू आलं. कृष्णविवर गिळतं, फुंकत नाही, असं म्हणून त्यांनी तो उलटा बाण बोटानं दाखवला आणि आजूबाजूची मुलंही हसली. घरी आल्यावर तिनं तक्ता फाडला. दहावीनंतर विज्ञान घ्यायचं नाही, असंही जाहीर करून टाकलं.

खरं म्हणजे पोरगी बरोबर होती. पण तू बरोबर आहेस एवढं सांगून भागलं नसतं. तिला लागलं होतं ते चूक ठरण्याचं नव्हे, चारचौघांत झालेल्या हसण्याचं. त्या रात्री आम्ही दोघं गच्चीवर बसलो आणि मी तिला एका माणसाची गोष्ट सांगितली. तो माणूसही असाच, बरोबर असताना, भर सभेत हसण्यावारी नेला गेला होता. त्याचं नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. जग त्यांना चंद्रा म्हणून ओळखतं.

ही गोष्ट मला तोंडपाठ होती, त्याला कारण आहे. बँकेत नोकरीला असताना मी या माणसावर कादंबरी लिहायला घेतली होती. चार वह्या भरल्या आणि काम अडलं. का अडलं, ते ओघात येईलच.

०००

चंद्रशेखर यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१० चा, लाहोरचा. घराणं तमिळ. वडील सी. सुब्रह्मण्य अय्यर रेल्वेच्या हिशेबखात्यात अधिकारी. काका म्हणजे सी. व्ही. रामन. तेही आधी सरकारच्या वित्तखात्यातच होते आणि १९१७ साली ती नोकरी सोडून कलकत्त्याला प्राध्यापक झाले. आयुष्यभर खतावण्या तपासलेल्या माझ्यासारख्याला या घराण्याविषयी उगाचच आपुलकी वाटते. आकडा जुळेपर्यंत उठायचं नाही, हा गुण मुलानं बापाकडून घेतला असावा. आई सीतालक्ष्मी यांचं शालेय शिक्षण बेताचं. पण या बाईंनी इब्सेनचं ‘डॉल्स हाउस’ हे नाटक तमिळमध्ये आणलं होतं. दहा भावंडांत चंद्रशेखर हे थोरले चिरंजीव.

१९१८ मध्ये कुटुंब मद्रासला आलं. बाराव्या वर्षापर्यंत मुलाचं शिक्षण घरीच झालं. पुढे हायस्कूल आणि मग प्रेसिडेन्सी कॉलेज. १९२८ साली जर्मनीचे विख्यात भौतिकशास्त्रज्ञ सोमरफेल्ड मद्रासला व्याख्यानाला आले. हा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा त्यांना भेटायला थेट हॉटेलवर गेला. तिथं त्याला कळलं, की आपण ज्या पुस्तकावरून घोकंपट्टी केली ते पदार्थविज्ञान युरोपात आता जुनं झालं आहे. दुसरा कुणी खचला असता. यानं नवं शिकायला घेतलं आणि वर्षभरात त्याचा शोधनिबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. त्या जोरावर सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि केंब्रिजला जायचं ठरलं.

नेमकी तेव्हाच आई अंथरुणाला खिळली. अशा वेळी मुलानं साता समुद्रापार जावं का, यावर घरात चर्चा झाली. आईनंच निर्णय दिला. मुलाला अडवायचं नाही, त्यानं जायचं. ३१ जुलै १९३० रोजी मुंबई बंदरातून ‘पिल्स्ना’ बोटीनं ते निघाले. आईची भेट पुन्हा झाली नाही. पुढच्या वर्षी मे महिन्यात ती गेली, तेव्हा मुलगा केंब्रिजला होता.

या बोटीवर, विसावं वर्षही पुरं न झालेल्या या मुलानं एक हिशेब मांडला. सूर्यासारख्या ताऱ्याचं जळण संपलं, की तो आक्रसत जातो आणि पृथ्वीएवढा लहान होऊन बसतो. त्याला श्वेतबटू म्हणतात. त्यातला चमचाभर ऐवज टनांत भरेल इतका जड असतो. मग तो आणखी आक्रसत का नाही? कारण त्यातले इलेक्ट्रॉन एकमेकांच्या अंगावर यायला तयार नसतात. आपल्या एसटीत उभ्या प्रवाशांची कितीही दाटी झाली, तरी प्रत्येक जण कोपर रेटून आपली जागा राखतो, तसंच हे. केंब्रिजच्या फाउलर यांनी १९२६ साली एवढं दाखवून दिलं होतं. चंद्रशेखर यांनी त्यात आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद आणला. दाटी फार झाली, की इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या वेगाजवळ जातो आणि त्याच्या पुढे तर कुणालाच जाता येत नाही. म्हणजे त्या कोपराच्या जोरालाही सीमा आहे. तारा एका ठरावीक वजनापेक्षा जड असेल, तर श्वेतबटू म्हणून तो टिकणारच नाही. पुढे ही मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट अशी पक्की झाली. आज ती ‘चंद्रशेखर मर्यादा’ म्हणून शिकवली जाते.

गच्चीवर एवढं सांगून झाल्यावर मी नातीला दक्षिणेकडचं कोल्हापूर दाखवलं. चंद्रशेखर केंब्रिजला पोचले तेव्हा आपल्या या कोल्हापूरचा एक तरुण तिथं आधीपासून होता. विष्णु वासुदेव नारळीकर. चंद्रशेखर यांच्याहून दोन वर्षांनी मोठे. सर आर्थर एडिंग्टन यांच्या हाताखाली संशोधन करून ते १९३२ मध्ये मालवीयजींच्या बोलावण्यावरून बनारसला गेले. एडिंग्टन म्हणजे त्या काळचे खगोलशास्त्राचे सम्राट. १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात ताऱ्यांच्या प्रकाशाचे मार्ग मोजून आइन्स्टाइनच्या सिद्धांताला पुरावा देणारे तेच. ताऱ्यांच्या अंतरंगावरचा त्यांचा ग्रंथ या विषयाची पोथी मानला जाई. चंद्रशेखर यांनीही मद्रासला असतानाच तो वाचून काढला होता.

०००

११ जानेवारी १९३५. लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची सभा. चंद्रशेखर चोवीस वर्षांचे होते. १९३३ मध्ये डॉक्टरेट मिळून ते ट्रिनिटी कॉलेजचे फेलो झाले होते. बोटीवरचा तो हिशेब आता त्यांनी काटेकोर पुरा केला होता. हे काम चालू असताना एडिंग्टन अधूनमधून त्यांच्या खोलीवर येत आणि कुठवर आलं ते विचारून जात. तरुणाला वाटलं, म्हातारा खूश आहे. सभेच्या आदल्या संध्याकाळी कळलं, की आपल्या पाठोपाठ एडिंग्टनही याच विषयावर बोलणार आहेत. काय बोलणार, याचा पत्ता त्यांनी लागू दिला नव्हता.

चंद्रशेखर यांनी आपलं म्हणणं मांडलं. मग एडिंग्टन उठले. त्यांनी त्या गणिताचा शेवट स्वतःच सभेपुढे ठेवला. असा जड तारा आक्रसत आक्रसत अखेर काही किलोमीटरचा होईल, त्याचं गुरुत्वाकर्षण इतकं वाढेल की प्रकाशही बाहेर पडणार नाही. आज आपण ज्याला कृष्णविवर म्हणतो त्याचंच हे चित्र होतं. पण एडिंग्टन यांनी ते मांडलं ते खोडून काढण्यासाठी. निसर्गात असला वेडेपणा चालूच शकत नाही, तो रोखणारा काही ना काही नियम असलाच पाहिजे, तेव्हा या तरुणाचं गणितच पायात चुकलेलं आहे, असं त्यांनी आपल्या विनोदी ढंगात सांगितलं. सभागृह हसलं. चंद्रशेखर यांना उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही. सभा सुटल्यावर लोक जवळ येऊन हळहळले, पण एडिंग्टन चुकले असं कुणी म्हटलं नाही.

पुढे त्यांनी बोर आणि पाउली यांच्यासारख्या दिग्गजांकडे दाद मागितली. खासगीत त्यांचं मत चंद्रशेखर यांच्या बाजूनं होतं, पण उघडपणे एडिंग्टनविरुद्ध बोलायला कुणी धजलं नाही. कचेरीत नोकरी केलेल्या माणसाला हे नवीन नाही. साहेब चुकतो आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि टिपणीखाली सह्या मात्र सगळ्यांच्या असतात.

माझी कादंबरी याच जागी अडली. कादंबरीकाराला खलनायक लागतो आणि एडिंग्टन त्या भूमिकेत फिट्ट बसतील असं मला वाटलं होतं. गोरा साहेब, सत्ता त्याच्या हाती, समोर पारतंत्र्यातल्या देशातला काळा मुलगा. पण वाचत गेलो तसा हा खलनायक माझ्या हातून निसटायला लागला. कारण त्या सभेनंतरही या दोघांचं जाणं-येणं तुटलं नाही. दोघं बरोबर सायकलवरून फिरायला जात, टेनिसचे सामने पाहायला जात. भांडण होतं ते गणिताच्या कागदावर. चंद्रशेखर यांनी ते कागदाबाहेर येऊ दिलं नाही.

फक्त एकदा तोल गेला. १९३९ च्या उन्हाळ्यात पॅरिसला एका परिषदेत पुन्हा खटका उडाला. नंतर एडिंग्टन जवळ आले आणि तुला दुखावलं असेल तर वाईट वाटतं, अशा अर्थाचं काही म्हणाले. चंद्रशेखर यांनी विचारलं, की तुमचं मत बदललं का? नाही, म्हणाले. मग वाईट कशाचं वाटतं, असं म्हणून हा तरुण पाठ फिरवून निघून गेला. त्यानंतर महायुद्ध पेटलं. १९४४ मध्ये एडिंग्टन वारले. दोघांची ती शेवटची भेट ठरली आणि आपण असं तोडून बोलायला नको होतं, ही चुटपुट चंद्रशेखर यांना पुढे लागून राहिली. ज्याच्यावर अन्याय झाला तोच खंत करतो आहे, हे वाचलं आणि मी वह्या बांधून माळ्यावर टाकल्या.

०००

मग चंद्रशेखर यांनी केलं तरी काय? भांडत बसले नाहीत आणि विषय सोडून रडतही बसले नाहीत. १९३६ मध्ये मद्रासला येऊन त्यांनी ललिता दोरैस्वामी यांच्याशी लग्न केलं. त्याही प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकलेल्या. १९३७ च्या सुरुवातीला दोघं अमेरिकेत शिकागो विद्यापीठाच्या यर्किस वेधशाळेत गेले. तिथंही कातडीचा रंग आडवा आला. एका डीननं हा माणूस विद्यापीठात शिकवायला नको, असा हट्ट धरला. विद्यापीठाचे अध्यक्ष हचिन्स यांनी तो मोडून काढला. १९३९ मध्ये चंद्रशेखर यांनी ताऱ्यांच्या रचनेवरचं आपलं सगळं काम एका ग्रंथात घातलं, ग्रंथ मिटला आणि दुसऱ्या विषयाकडे वळले.

ही त्यांची आयुष्यभराची रीत झाली. एक विषय घ्यायचा, काही वर्षं त्यात बुडून जायचं, तो पुरता पचला की त्यावर एक भरभक्कम ग्रंथ लिहायचा आणि पुढच्या विषयाच्या पहिल्या पायरीवर पुन्हा विद्यार्थी होऊन बसायचं. ताऱ्यांच्या समूहांची गती, वायूतून प्रकाश कसा वाट काढतो त्याचं गणित, तप्त प्रवाहांचं स्थैर्य, फिरणाऱ्या गोलांचे आकार. १९५२ ते १९७१ अशी एकोणीस वर्षं त्यांनी ‘अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल’चं संपादन केलं. हृदयविकारानं गाठलं, १९७७ मध्ये शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर वयाच्या सत्तरीत त्यांनी कृष्णविवरांच्या गणितावरचा प्रचंड ग्रंथ हातावेगळा केला. बोटीवर ज्याची चाहूल लागली होती त्याच्यापाशी ते पन्नास वर्षांनी परत आले होते.

१९८२ साली एडिंग्टन यांची जन्मशताब्दी आली. ट्रिनिटी कॉलेजनं स्मृतिव्याख्यानांसाठी बोलावलं ते चंद्रशेखर यांना. जुना हिशेब चुकता करायला याहून चांगली संधी कुठली? पण त्यांनी ही व्याख्यानं पुस्तकरूपानं छापली तेव्हा शीर्षकातच एडिंग्टन यांना त्यांच्या काळातले सर्वश्रेष्ठ खगोलभौतिकशास्त्रज्ञ म्हटलं. १९३५ चा वाद त्यांनी झाकला नाही. एडिंग्टन कुठं चुकले आणि त्यामुळे शास्त्राचं किती नुकसान झालं, तेही सांगितलं. मोठेपण मोठेपणाच्या खात्यावर मांडलं आणि चूक चुकीच्या खात्यावर. दोन खाती एकमेकांत मिसळली नाहीत. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, त्यांना विल्यम फाउलर यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालं.

०००

इथवर ऐकून नातीनं विचारलं, की हे सगळं ठीक, पण माझ्या बाणाचं काय? प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर चंद्रशेखर यांच्या मरणानंतर चार वर्षांनी आकाशात गेलं.

दवाखान्यात हाडांचे फोटो ज्या क्ष-किरणांनी काढतात, तेच किरण आकाशातूनही येतात. पण पृथ्वीचं वातावरण ते वरच्या वर अडवतं, ते आपल्या हिताचंच. त्यामुळे ते पाहायला दुर्बीण अवकाशातच न्यावी लागते. १९६२ मध्ये जाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अग्निबाणावर उपकरण चढवून वृश्चिक राशीतला क्ष-किरणांचा झगझगीत स्रोत शोधला आणि ही नवी खिडकी उघडली. २३ जुलै १९९९ रोजी ‘कोलंबिया’ या अवकाशयानातून अमेरिकेच्या ‘नासा’नं एक मोठी क्ष-किरण वेधशाळा पाठवली. तिच्या नावासाठी जगभरातून सूचना मागवल्या होत्या. निवडलं गेलेलं नाव होतं ‘चंद्रा’. ते उड्डाण पाहायला ललिताबाई हजर होत्या. लांबट कक्षेत फिरताना ही वेधशाळा पृथ्वीपासून चंद्राच्या अंतराच्या तिसऱ्या हिश्शाहूनही दूर जाते. क्ष-किरण आरशावर सरळ पडले तर आत शिरतात, परत फिरत नाहीत. म्हणून तिचे आरसे एकात एक घातलेल्या पिंपांसारखे आहेत. कृष्णेच्या पाण्यावर चपटा दगड तिरका फेकला की टप्पे घेत जातो, तसे हे किरण आरशाला घासून पुढे जातात आणि एका बिंदूत गोळा होतात.

आता तो वारा. बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या मध्यभागी एकेक महाकाय कृष्णविवर असतं, सूर्याच्या लाखो किंवा कोट्यवधी पट वजनाचं. आपल्या आकाशगंगेतलं सध्या शांत आहे. पण काही दीर्घिकांत त्याच्याकडे वायूचा ओघ चालू असतो. त्यांना सक्रिय दीर्घिका म्हणतात. कार्ल सायफर्ट यांनी १९४३ मध्ये अशा मोजक्या दीर्घिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, म्हणून त्यातल्या एका जातीला सायफर्ट दीर्घिका हे नाव पडलं. वायू कृष्णविवरात सरळ पडत नाही. मोरीत पाणी गरगरत जातं तसा तो भोवती फिरत राहतो, त्याची तबकडी होते, घर्षणानं ती तापते आणि भयंकर उजेड पडतो. हा सगळा उजेड कृष्णविवराच्या काठाबाहेरचा. आत गेलेलं परत येत नाही, हे परीक्षकांचं म्हणणं खरंच होतं. पण जे अजून आत गेलेलं नाही, त्याची गोष्ट वेगळी. प्रकाशालाही दाब असतो. तो वायूला बाहेर रेटतो. तबकडीतल्या चुंबकीय शक्तीही यात हातभार लावत असाव्यात. त्या रेट्यानं काही वायू उलटा फिरतो आणि वारा होऊन बाहेर सुटतो.

हा वारा दिसतो कसा? मधला झगमगाट आणि आपण यांच्यामध्ये तो वायू आला, की त्यातली ऑक्सिजन, निऑन, सिलिकॉन, लोह यांसारखी मूलद्रव्यं क्ष-किरणांचे आपापले ठरावीक रंग गिळून टाकतात. वर्णपटात तेवढ्या जागी काळ्या रेघा उमटतात. गाडी आपल्याकडे येत असताना शिट्टीचा सूर चढा लागतो, तशा या रेघा आपल्या जागेवरून सरकलेल्या असतात. किती सरकल्या यावरून वारा किती वेगानं आपल्या दिशेनं येतो आहे ते काढता येतं. नरतुरंग तारकासमूहात ‘एनजीसी ३७८३’ नावाची एक सायफर्ट दीर्घिका आहे, सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं दूर. ‘चंद्रा’ वेधशाळेनं २०००-०१ मध्ये तिच्यावर एकूण सुमारे ९ लाख सेकंद नजर लावली. म्हणजे दहा दिवसांहून जास्त. शंभराहून अधिक रेघा सापडल्या. वारा सेकंदाला काहीशे ते हजार किलोमीटर वेगानं बाहेर पडत होता. २०२४ मध्ये ‘एक्स-रिझम’ आणि ‘एक्सएमएम-न्यूटन’ या दुसऱ्या दोन क्ष-किरण वेधशाळांनी याच दीर्घिकेत एक भडका उडताना आणि त्यापाठोपाठ सेकंदाला सुमारे ६०,००० किलोमीटर वेगाचा झोत सुटताना टिपला.

याचा उपयोग काय, हे नातीला चुलीवरच्या दुधानं समजावलं. जाळ फार झाला की दूध उतू जातं, चुलीत पडतं आणि जाळ आपोआप मंदावतो. कृष्णविवरानं फार खायला घेतलं, की त्याच्याच उजेडानं सुटलेला वारा येणारं अन्न मागं ढकलतो. तो पुरेसा जोरकस असेल, तर नवे तारे ज्या वायूतून जन्मायचे तो वायूही तापतो किंवा बाहेर फेकला जातो. अख्ख्या दीर्घिकेची वाढ तिच्या पोटातल्या या इवल्या जागेवरून अशी आवरली जाते, असं शास्त्रज्ञांना वाटतं. नक्की किती, हे मोजण्याचं काम अजून चालू आहे. आपला देशही क्ष-किरणांच्या या कामात मागे नाही. २८ सप्टेंबर २०१५ रोजी गेलेल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ उपग्रहावरच्या क्ष-किरण उपकरणांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आणि पुण्याच्या ‘आयुका’चा हात होता.

आणि आता खरी गंमत. प्रकाशाचा दाब गुरुत्वाकर्षणावर मात करायला लागतो ती सीमा गणितानं सांगता येते. सूर्याच्या ३ कोटी पट वजनाचं कृष्णविवर असेल, तर ती सीमा सुमारे एक लाख कोटी सूर्यांच्या उजेडाएवढी भरते. एखादं कृष्णविवर या सीमेच्या किती जवळ आहे, हा वाऱ्याचा अभ्यास करणाऱ्याचा पहिल्या काही प्रश्नांतला एक प्रश्न असतो. या सीमेला ‘एडिंग्टन मर्यादा’ म्हणतात. एडिंग्टन यांनी ती ताऱ्यांसाठी मांडली होती. ज्या वस्तूला त्यांनी भर सभेत हसून उडवलं, त्याच वस्तूचा वारा आज त्यांच्याच मापानं मोजतात, आणि मोजणारा अनेकदा डोळा लावतो तो ‘चंद्रा’ नावाच्या दुर्बिणीला. शिवाय हा प्रकाश वायूतून वाट काढतो त्या गणिताचा पायाही चंद्रशेखर यांनी १९५० च्या ग्रंथात भरून ठेवला आहे. हा मिलाफ कुणी घडवून आणलेला नाही. दोघांनीही आपापलं काम नीट केलं होतं, एवढंच.

०००

२८ डिसेंबर १९९२ रोजी पुण्यात ‘आयुका’चं राष्ट्रार्पण झालं. ते केलं ब्याऐंशी वर्षांच्या चंद्रशेखर यांनी. संस्थेचे संस्थापक-संचालक होते जयंत नारळीकर, म्हणजे १९३० मध्ये केंब्रिजला असलेल्या त्या कोल्हापूरकर विष्णुपंतांचे चिरंजीव. ‘आयुका’तल्या सभागृहाला आज चंद्रशेखर यांचं नाव आहे. अखेरच्या वर्षांत त्यांनी पुन्हा एकदा विद्यार्थी होऊन न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ सामान्य वाचकासाठी उलगडायला घेतला. ते पुस्तक १९९५ मध्ये बाहेर आलं आणि त्याच वर्षी २१ ऑगस्टला शिकागोत त्यांचं निधन झालं. ललिताबाईंना दीर्घायुष्य लाभलं. २०१३ मध्ये, शंभरी ओलांडून, त्या गेल्या.

गच्चीवर साडेअकरा वाजून गेले होते. पाडव्याची रात्र, चंद्र कधीच मावळलेला. कोल्हापूरच्या अंगाला, दक्षिणेला, नरतुरंगातले तारे वर आले होते. ती दीर्घिका नुसत्या डोळ्यांना दिसण्यासारखी नाही, पण साधारण कुठं असेल ते मी हात करून दाखवलं. नात बराच वेळ तिकडं पाहत राहिली. मग तिनं विचारलं, की चंद्रशेखर यांनी त्या हसणाऱ्यांना शेवटी उत्तर काय दिलं? मी म्हटलं, काहीच नाही. ते दुसऱ्या दिवशी कामाला बसले.

माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नव्हतं आणि आजही नाही. अपमान विसरा, असं सांगणं सोपं असतं. चंद्रशेखर तो विसरले नव्हते, पंचेचाळीस-पन्नास वर्षांनीही त्यांना त्या दिवसाचा तपशील आठवत होता. फक्त त्यांनी त्याला आपल्या कामाचा मालक होऊ दिलं नाही.

सकाळी मी निघालो तेव्हा ती जमिनीवर नवा कोरा कागद अंथरून बसली होती. कृष्णविवर काढून झालं होतं, आत जाणारे बाण झाले होते. बाहेर जाणारा बाण या वेळी तिनं लाल रंगानं, पहिल्यापेक्षा जाड काढला होता आणि त्याची सुरुवात विवराच्या काठाबाहेरून केली होती. तक्त्याच्या तळाशी दोन नावं लिहिली होती. आधी एडिंग्टन आणि मग चंद्रशेखर. क्रम असा का, म्हणून मी विचारलं. तर म्हणाली, की ते वयानं मोठे होते ना.